मोराव्हियात जन्मलेले: तिकिटांचा अल्बम कसा लावायचा

बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून ३१ वर्षं तिकिटं फाडली. निवृत्त झाल्यावर हातातला पंच गेला आणि चिमटा आला. आता टपाल तिकिटं गोळा करतो. शेजारचे म्हणतात, या माणसाची तिकिटं काही सुटत नाहीत. म्हणोत बापडे.

तिकिटं जमवणारे बहुतेक जण एक विषय धरतात: पक्षी, आगगाड्या, फुलं, गांधीजी. हे विषय वाईट नाहीत, पण त्यात पैसे फार जातात आणि डोकं कमी लागतं. पक्ष्याचं तिकीट दिसलं की घ्यायचं, झालं. मला जरा डोकं खाणारा विषय हवा होता. म्हणून मी युरोपातला एक लहानसा प्रदेश धरला आणि तिथे जन्मलेली नामवंत माणसं, एवढाच अल्बम लावायचा ठरवला. तो प्रदेश म्हणजे मोराव्हिया. आजच्या झेक देशाचा पूर्वेकडचा भाग, त्यातलं मोठं शहर ब्रनो.

मोराव्हियाच का? लहानपणी लालबागेत एका स्टेशनरीच्या दुकानात आठ आण्याला पन्नास तिकिटांचं पाकीट मिळायचं. त्यात हंगेरी, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाची रंगीत तिकिटं भरलेली असायची. कोपऱ्यात चतकोर शिक्का, आणि मागे गोंद जसाच्या तसा. म्हणजे पत्रावर कधी लागलीच नाहीत, छापखान्यातूनच शिक्का मारून विकायला काढलेली. पुढे कळलं की अशा मालाला संग्राहक फार किंमत देत नाहीत. पण माझा श्रीगणेशा त्यावर झाला, त्यामुळे त्यांना नावं ठेववत नाहीत. त्यात एका दाढीवाल्याचं तिकीट होतं. तो कोमेन्स्की, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली.

तुम्हाला असा अल्बम लावायचा असेल, मोराव्हियाचा किंवा दुसऱ्या कुठल्या प्रदेशाचा, तर मी ज्या क्रमाने ठेचकाळत गेलो तो क्रम सांगतो. ठेचा वगळून तुम्ही जा.

पहिलं काम तिकीट विकत घेण्याचं नाही. पहिलं काम नियम लिहिण्याचं. कागदावर, शाईने. माझा नियम असा आहे: ज्याचा जन्म ऐतिहासिक मोराव्हियाच्या हद्दीत झाला तो आत. पुढे तो कुठे गेला, कुठली भाषा बोलला, स्वतःला काय म्हणवत होता, हे विचारायचं नाही. आणि ज्याचा जन्म हद्दीबाहेर झाला तो कितीही जवळचा वाटला तरी बाहेर.

लिहायला सोपं आहे. पाळताना जीव जातो. का ते आधी घरच्याच उदाहरणाने सांगतो.

माझा जन्म चिपळूणचा. आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. मी तीन महिन्यांचा झाल्यावर आम्ही दाभोळहून बोटीने भाऊच्या धक्क्याला आलो, आणि तेव्हापासून मी परळ-लालबाग सोडून कुठे राहिलेलो नाही. बायको याच्या बरोबर उलट. तिचा जन्म केईएम हॉस्पिटलचा, पण सव्वा महिन्याची असताना तिला राजापूरला नेलं. ती तिथेच वाढली, शिकली आणि लग्न होऊन मुंबईत आली. आता उद्या कोणी मुंबईत जन्मलेल्यांची यादी केली तर त्यात ती आहे आणि मी नाही. मी, ज्याला कुर्ला ते कुलाबा प्रत्येक स्टॉप झोपेतही सांगता येतो! आपल्याकडे 'गाव कुठलं?' म्हणून विचारतात आणि त्याचं उत्तर जन्मदाखल्यावर नसतं. यादी मात्र दाखलाच मागते. किपलिंगसाहेब १८६५ साली जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मले, सहा वर्षांचे होण्याआधी विलायतेला शिकायला गेले, आणि मुंबईत जन्मलेल्यांच्या प्रत्येक यादीत मानाने बसले. बाबासाहेबांचा जन्म महूचा, मूळ गाव आंबडवे. यादी करणाऱ्याने नियम धरला नाही तर त्यांना दोन्ही ठिकाणी लिहील, नाहीतर कुठेच लिहिणार नाही.

मोराव्हियात हाच खेळ फ्रॉइड आणि माहलर या दोघांचा आहे. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मुंड फ्रॉइड ६ मे १८५६ ला प्रझिबोर या मोराव्हियातल्या गावी जन्मला. आपले लोकमान्य त्याच वर्षी जुलैमध्ये रत्नागिरीत जन्मले, म्हणजे फ्रॉइडपेक्षा अडीच महिन्यांनी लहान. तर हा फ्रॉइड तीन वर्षांचा असताना घरच्यांनी बिऱ्हाड हलवलं, पुढे व्हिएन्ना गाठलं, आणि जवळजवळ सगळं आयुष्य तिथे गेलं. तो आत. आणि गुस्ताव माहलर, एवढा मोठा संगीतकार, ७ जुलै १८६० ला बोहेमियातल्या, म्हणजे मोराव्हियाच्या पश्चिमेला लागून असलेल्या प्रांतातल्या, कालिश्ते गावात जन्मला. तो तीन महिन्यांचा असताना, हो, माझ्याच वयाचा असताना, घरचे मोराव्हियातल्या यिह्लावाला आले. सगळं बालपण तिथलं. लष्करी बँड ऐकला तो तिथे, पियानोला बोटं लावली ती तिथे. तो बाहेर. माहलरचं तिकीट मी तीनदा आत लावलं आणि तीनदा काढलं. शेवटी नियम राहिला. पण मन खट्टू झालं ते झालंच.

नियम ठरला की नकाशा. इथे बरेच जण चुकतात. आजच्या झेक देशाच्या नकाशावर मोराव्हिया नावाचा जिल्हा किंवा प्रांत शोधू नका. १९४९ साली जुने प्रांत मोडून नवे विभाग पाडले आणि मोराव्हिया कारभारातून गेला, लोकांच्या बोलण्यात राहिला. आपल्याकडे कसं, वऱ्हाड नावाचा जिल्हा नाही पण वऱ्हाडी माणूस आहे, तसंच. त्यामुळे शिंडलर, ज्याने महायुद्धात आपल्या कारखान्यातल्या हजारावर ज्यूंचे प्राण वाचवले तो, १९०८ साली स्विटावी इथे जन्मला. ते गाव आज पार्दुबित्से विभागात येतं. नव्या नकाशावर बोट ठेवाल तर तो बोहेमियातला वाटेल. जुन्या नकाशावर ते मोराव्हियातच आहे. अर्थशास्त्रज्ञ शुंपेटर १८८३ चा, त्याचं त्रेश्त गाव आज व्हिसोचिना विभागात. वास्तुकार योझेफ हॉफमन १८७० चा, त्याचं ब्रत्नित्से पण तिथेच. दोघेही जुन्या मोराव्हियाचे. म्हणून १९१८ च्या आधीचा ऑस्ट्रिया-हंगेरीचा नकाशा मिळवा, त्याची मोठी प्रत काढा आणि भिंतीवर लावा. मी झेरॉक्सवाल्याकडून चार कागद जोडून मोठा करून घेतला. त्यावर लाल पेनाने हद्द ओढली आणि प्रत्येक माणसाच्या गावी टाचणी टोचली.

टाचण्या टोचल्यावर एक मजा दिसते, जी पुस्तक वाचून दिसत नाही. ईशान्य कोपऱ्यात टाचण्यांची नुसती गर्दी. फ्रॉइडचं प्रझिबोर. त्याला लागून कोप्रझिव्निट्से, जिथे १९२२ साली धावपटू एमिल झाटोपेक जन्मला. बाजूला हुक्वाल्डी, जिथे १८५४ साली संगीतकार यानाचेक जन्मला. थोडं पुढे होद्स्लावित्से, तिथला इतिहासकार पालात्स्की, १७९८ चा. ही चार गावं म्हणजे दादर ते बोरिवली एवढ्या टापूतला मामला. बसने अर्ध्या दिवसात चारही फिरून दुपारी जेवायला घरी!

(नावांबद्दल जाता जाता. झेक भाषेत र आणि झ एका दमात म्हणायचा एक आवाज आहे. आपल्याला तो येत नाही, जसा बऱ्याच परप्रांतीयांना आपला ळ येत नाही. मी 'प्रझिबोर' लिहितो, दुसरा कोणी 'प्रिबोर' लिहील. भांडू नका. फक्त अख्ख्या अल्बमात एकच लिहा. माझी कित्येक वर्षं 'मुचा' म्हणण्यात गेली, तो चित्रकार मुखा निघाला.)

आता सगळ्यात घातक गोष्ट: गावांची दोन-दोन नावं. मोराव्हियात झेक बोलणारे होते तसे जर्मन बोलणारेही होते, आणि प्रत्येक गावाला दोन्ही भाषांत नाव होतं. ब्रनोचं ब्र्युन, यिह्लावाचं इग्लाउ, स्विटावीचं त्स्विटाउ, प्रोस्त्येयोवचं प्रोसनिट्स. जुन्या पुस्तकात फ्रॉइडचं गाव फ्रायबर्ग असं दिसेल. वहीत दोन रकाने करा आणि दोन्ही नावं लिहा, नाहीतर एकच माणूस दोन गावांत जन्माला घालाल. बॉम्बे आणि मुंबई अशी दोन शहरं समजणारा माणूस जसा फसेल, तसंच.

मी फसलो तो याच फ्रायबर्गवर. फ्रॉइडच्या पानासाठी त्याच्या गावचा जुना शिक्का हवा होता. एका विक्रेत्याच्या यादीत 'फ्रायबर्ग, एकोणिसावं शतक' असं कार्ड दिसलं, नऊशे रुपये. मी डोळे झाकून मागवलं. कार्ड आलं, पानावर बसवलं, खाली सुंदर अक्षरात लिहिलं. पुढच्या रविवारी आम्हा संग्राहकांच्या बैठकीत नेलं. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने भिंग लावलं आणि म्हणाला, "काका, याच्यावर जर्मनीचं तिकीट आहे."

मी म्हटलं, "अरे, फ्रायबर्ग स्पष्ट वाचता येतंय की."

"फ्रायबर्ग आहे हो, पण हे सॅक्सनीतलं. फ्रॉइडच्या गावी पोस्ट ऑस्ट्रियाचं होतं ना?"

माझा चेहरा उतरला. नऊशे रुपयांचं दुःख नव्हतं. तिकिटावर जर्मन पोस्टाचं नाव ढळढळीत लिहिलेलं होतं आणि ३१ वर्षं प्रवाशांच्या हातातली खोटी तिकिटं ओळखणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं! विक्रेत्याने काही खोटं सांगितलं नव्हतं, हे पण खरं. मोराव्हिया असं त्याने कुठेच लिहिलं नव्हतं. ते मीच मनाने जोडलं.

त्यामुळे शिक्का घेताना हे बघा. १९१८ च्या आधीचं असेल तर तिकीट ऑस्ट्रियाचं हवं, आणि त्यावर बहुतेक वेळा सम्राट फ्रान्झ योझेफचं तोंड असतं. हा गृहस्थ १८४८ ते १९१६ गादीवर होता, तेव्हा काळजी नको, भेटतोच. नाणं आधी क्रॉयझर, विसाव्या शतकात हेलर. गावाच्या नावापुढे 'इन मेहरेन' किंवा त्याची आद्याक्षरं असतील तर ते मोराव्हियातलं, कारण जर्मन भाषेत मोराव्हियाला मेहरेन म्हणतात. बऱ्याच शिक्क्यांत वर जर्मन आणि खाली झेक अशी दोन्ही नावं असतात. तसा दुभाषी शिक्का मिळाला तर सोडू नका. एका शिक्क्यात पान बोलकं होतं. १९३९ ते १९४५ मधल्या तिकिटांवर दोन्ही भाषांत 'बोहेमिया आणि मोराव्हिया' छापलेलं असतं. ती हिटलरच्या ताब्यातल्या काळातली. दिसायला देखणी आहेत, स्वस्तही मिळतात. पण माझ्या अल्बमात त्यांचं एकच ठेवलंय, काळ दाखवण्यापुरतं.

नावं शोधायला सुरुवात कुठून करायची? मी मराठी विश्वकोशापासून केली. वाईहून निघालेले ते जाडजूड खंड आमच्या दादरच्या ग्रंथसंग्रहालयात आहेत. आता इंटरनेटवरही आहेत, पण खंड उघडून बसलं की शेजारची नोंदही वाचली जाते आणि कधीकधी तीच कामाची निघते. प्रत्येक माणसासाठी दोन वेगवेगळ्या ठिकाणी जन्मगाव तपासा. दोन्हीकडे एकच असेल तर पेनाने लिहा, नसेल तर पेन्सिलीने. माझ्या वहीत पेन्सिलीत लिहिलेले तिघे अजून आहेत.

त्यातला एक तो दाढीवाला. कोमेन्स्की १५९२ चा, शिक्षणशास्त्राचा आद्य माणूस. मुलांना चित्रं दाखवून शिकवावं ही गोष्ट त्याने सतराव्या शतकात पुस्तक छापून दाखवली. त्याच्या जन्मगावावर तीन गावं हक्क सांगतात: उहेर्स्की ब्रोद, निव्नित्से आणि कोम्न्या. तीनही मोराव्हियातच, त्यामुळे माझ्या नियमाला धक्का नाही. नकाशावर मात्र तीन टाचण्या. पुतण्याने विचारलं, "काका, हा तिळा होता काय?"

दुसरा मेंडेल, आणि हे प्रकरण खरं अवघड. आनुवंशिकतेचा मेंडेल, वाटाण्यांचा मेंडेल. ब्रनोच्या मठात त्याने १८५६ ते १८६३ अशी वर्षं वाटाणे लावले, सुमारे २८ हजार झाडं तपासली, १८६५ साली ब्रनोतच दोन बैठकांत ते वाचून दाखवलं, आणि १९०० सालापर्यंत कोणी ढुंकून पाहिलं नाही. मोराव्हियाचं नाव घेतलं की पहिला तोच आठवतो. पण जन्म? १८२२, हिन्चित्से नावाचं खेडं, जर्मन नाव हाइन्झेनडॉर्फ. ते मोराव्हिया आणि त्याच्या शेजारचा प्रांत ऑस्ट्रियन सायलेशिया यांच्या सीमेवर आहे, आणि कागदोपत्री सायलेशियाच्या बाजूला. म्हणजे माझ्या नियमाने मेंडेल बाहेर!

आठवडाभर मी हा माणूस आत घेऊ की नको करत होतो. शेवटी अल्बमात एक वेगळं पान केलं. त्याला नाव दिलं 'उंबरठा'. जे आत नाहीत पण ज्यांना दारातून हाकलवत नाही, ते तिथे. मेंडेल उंबरठ्यावर, माहलर उंबरठ्यावर. माझ्याकडे मेंडेलचं पश्चिम जर्मनीचं १९८४ चं तिकीट आहे, मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हाचं. गंमत अशी की १८८४ साली मेंडेल गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला ऑर्गन वाजवायला होता तो यानाचेक. मुलगा असताना त्याच मठात राहून गाणं शिकलेला. म्हणून यानाचेकचं पान आणि उंबरठ्याचं पान मी समोरासमोर ठेवलंय. अल्बम उघडला की दोघे एकमेकांकडे बघतात.

असं पान तुम्हीही करा, पण एकच. दोन केलीत तर नियमाला अर्थ राहत नाही.

सगळ्यांचे चेहरे तिकिटावर मिळतील असं समजू नका. मिळत नाहीत, आणि मिळायला हवेत असंही नाही. मुखाचंच घ्या. १८६० साली इवान्चित्से इथे जन्मला, पॅरिसमध्ये नाटकांच्या जाहिराती रंगवून नाव कमावलं. १९१८ साली चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला तेव्हा देशाची पहिली टपाल तिकिटं त्याने काढून दिली. प्रागचा किल्ला, मागे सूर्य. किल्ल्याच्या त्या बाजूला सूर्य उगवत नाही म्हणून लोकांनी कुरकुर केली आणि पुढच्या काही छपाईत सूर्य गायब झाला. ही तिकिटं अजून स्वस्तात मिळतात. एक सूर्यासकट आणि एक बिनसूर्याचं शेजारी लावलं की मुखाचं पान पूर्ण, त्याच्या फोटोची गरजच नाही. एक सांगतो: त्यातली पहिली बिनदात्यांची आहेत, कडा सरळ कापलेल्या. फोर्टच्या फुटपाथवर एकाने मला 'साहेब, कडा कापलीय, खराब माल आहे' म्हणून पाच रुपयांत दिलं. मी गुपचूप घेतलं.

चेहरे हवेच असतील तर नोटांकडे बघा. झेक देशाच्या २०० कोरुनाच्या नोटेवर कोमेन्स्की, १००० वर पालात्स्की आणि ५००० वर मासारिक, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष, १८५० साली होडोनिन इथे जन्मलेला. तिघेही मोराव्हियाचे! प्रागवाल्यांचं काय म्हणणं असेल त्यावर, कोण जाणे. ऑस्ट्रियाची ५० शिलिंगची नोट १९८६ ची, तिच्यावर फ्रॉइड. युरो आल्यावर ती चलनातून गेली, म्हणून जुन्या नोटावाल्यांकडे मिळते. माझ्याकडे २०० ची आहे, शिलिंगची आहे, १००० ची एकदा हातात घेऊन परत ठेवली. पण हे लक्षात ठेवा, प्रदर्शनात थीमॅटिक वर्गात नोटा चालत नाहीत, तिथे फक्त टपालाचा माल. नोटा, बिलं, फोटो लावायचे तर ओपन वर्गात नाव द्या.

बिलावरून आठवलं. बाटा आपल्या सगळ्यांचा. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की बाटा म्हणजे टाटांचाच कोणी भाऊ. तोमाश बाटा १८७६ साली मोराव्हियातल्या झ्लिन गावी जन्मला, १८९४ साली भावंडांबरोबर धंदा काढला आणि १९३२ साली विमान पडून गेला. कोलकात्याजवळचं बाटानगर त्याच्याच कंपनीचं. त्याच्या पानावर मी वडिलांचं एक जुनं बिल लावलंय. गिरणीत कायम झाल्यावर घेतलेल्या पहिल्या बुटांचं. शेवटी पंचाण्णव पैसे. त्याच्याखाली दुसरी दोन नावं लिहिली. एक झाटोपेक, जो सोळाव्या वर्षी झ्लिनच्या बाटा कारखान्यात कामाला लागला आणि तिथेच पहिली शर्यत धावला. दुसरा नाटककार टॉम स्टॉपर्ड, १९३७ साली झ्लिनलाच जन्मलेला. वडील बाटाच्या इस्पितळात डॉक्टर. नाझी आले तेव्हा कुटुंब सिंगापूरला पळालं, तिथून आई मुलांना घेऊन भारतात आली आणि दार्जिलिंगच्या बाटाच्या दुकानात काम बघू लागली. हे वाचलं तेव्हा मी बायकोला उठवून सांगितलं. रात्रीचा एक वाजला होता. तिची प्रतिक्रिया इथे लिहीत नाही.

बाकीचे भराभर. आवाजाच्या वेगाचा 'मॅक' ज्याच्या नावावरून आला तो एर्न्स्ट माख, ब्रनोजवळचा. गणितातला कुर्ट गोडेल, १९०६, ब्रनो. तत्त्वज्ञ हुसर्ल, १८५९, प्रोस्त्येयोव. वास्तुकार लोस, १८७०, ब्रनो. कादंबरीकार कुंदेरा, १९२९, ब्रनो. गोडेलचं तिकीट माझ्याकडे नाही. त्याच्या पानावर ब्रनोचा दुभाषी शिक्का आहे आणि त्याखाली एक ओळ. लेखक काफ्का आणि संगीतकार द्वोर्झाक यांची नावं कोणी सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा, दोघेही बोहेमियाचे.

प्रत्येकाच्या नावापुढे देश लिहायची हौस असेल तर आवरा. फ्रॉइड जन्मला ऑस्ट्रियन साम्राज्यात, गोडेल ऑस्ट्रिया-हंगेरीत, झाटोपेक चेकोस्लोव्हाकियात, आणि आज ती सगळी गावं झेक देशात. मी फक्त गाव आणि वर्ष लिहितो.

पानं लावायचं सांगतो. प्रदर्शनाच्या एका फ्रेममध्ये ए-फोर आकाराची १६ पानं बसतात, म्हणून १६ च्या पटीत विचार करा. पहिलं पान नावाचं आणि नियमाचं, दुसरं नकाशाचं, मग माणसं. जन्मवर्षाने लावू नका, शाळेच्या हजेरीपटासारखं दिसतं. मी गावांनी लावलं: आधी ईशान्य कोपरा, मग झ्लिन, मग ब्रनो. पानावर लिखाण चार ओळींच्या वर नको. एका परीक्षकाने माझ्या पहिल्या अल्बमवर शेरा दिला होता, 'तिकिटं शोधावी लागतात'. खरं होतं ते. मी प्रत्येकाचं अख्खं चरित्र लिहून काढलं होतं.

लिफाफ्यावरचं तिकीट सोडवायचं तर साध्या पाण्यात, तोंड वर करून तरंगत ठेवा. पंधरा मिनिटांत आपोआप सुटतं. ओढू नका. लाल किंवा जांभळ्या शाईचा शिक्का असेल, किंवा लिफाफा रंगीत असेल, तर पाण्यात घालूच नका, रंग उतरून तिकीट जातं. वाळवायला टिपकागद. वर्तमानपत्र नको, त्याची शाई तिकिटाला लागते. आणि ज्यावर गावाचा चांगला शिक्का आहे ते तिकीट सोडवूच नका, लिफाफा पूर्णच ठेवा. आपल्या विषयात तिकिटापेक्षा शिक्का मोठा. गोंद शाबूत असलेल्या तिकिटाला हिंज, म्हणजे मागे चिकटवायची कागदी पट्टी, लावू नका, पारदर्शक माउंट वापरा. बोटाने उचलू नका, चिमटा वापरा. ३१ वर्षं थुंकी लावून तिकिटं वेगळी करणाऱ्याला ही सवय मोडायला सहा महिने लागले, तुम्हाला लवकर जमेल.

आणि मुंबईत अल्बम ठेवायचा म्हणजे पावसाशी वैर. आमची खोली चाळीत, तळमजल्यावर, उत्तरेची भिंत जुलैत ओली होते. पहिल्या वर्षी मी अल्बम त्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात आडवे ठेवले होते. गणपतीच्या आधी उघडले तर झाटोपेकच्या पानावरची चार तिकिटं एकमेकांना चिकटलेली आणि मासारिकच्या गालावर तपकिरी ठिपके. ते ठिपके बुरशीचे, एकदा पडले की जात नाहीत. चिकटलेली सोडवता येतात पण गोंद जातो. तेव्हापासून अल्बम उभे ठेवतो, पुस्तकांसारखे, पण फार घट्ट नाही. भिंतीपासून वीतभर लांब, लोखंडी कपाटात, वरच्या फळीवर. प्रत्येक डब्यात सिलिका जेलच्या पिशव्या. निळी गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळी करता येते. तवा मात्र वेगळा ठेवा, भाकरीचा नको, घरात महाभारत होतं. जून ते सप्टेंबर अल्बम शक्यतो उघडूच नये.

मी या जुलैत एकदा उघडला. बायकोमुळे. झाटोपेकच्या पानाबद्दल ती विचारत होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन तिन्हींत सुवर्ण घेतलं, आणि मॅरेथॉन तर आयुष्यात पहिल्यांदाच धावला. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ आणलं, म्हणून ते पान घरात सगळ्यांचं आवडतं. बायकोने विचारलं, "याची बायको पण खेळाडू होती ना?"

होती. डाना झाटोपकोव्हा. त्याच हेलसिंकीत भालाफेकीत सुवर्ण. आणि दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, १९ सप्टेंबर १९२२.

"मग ती कुठाय?"

मी सांगितलं, तिचा जन्म फ्रिश्तातचा. ते सायलेशियात येतं. नियमात बसत नाही.

"एकाच दिवशी जन्म, एकाच घरात संसार, एकाच ऑलिंपिकला सोनं. आणि नवरा आत नि बायको दाराबाहेर?" ती म्हणाली. "तुमचा तो उंबरठा कुठाय?"

मी उंबरठ्याचं पान काढलं. मेंडेल आणि माहलर यांच्यामध्ये जागा केली. डानाचं तिकीट नाही, म्हणून नाव, तारीख आणि गाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत पान पंख्याखाली ठेवलं, बाहेर पाऊस धो धो. मग पान आत, अल्बम कपाटात, पिशव्या बदलल्या. आता अनंत चतुर्दशी झाल्याशिवाय कपाट उघडायचं नाही.